वर्दी

आमच्या तेरखेड्याला दारूचा वास नवा नाही. दारू म्हणजे फटाक्यांची. दिवाळीच्या आधी महामार्गावरून जाणारे लोक इथे गाडी थांबवतात आणि पिशव्या भरून फटाके नेतात. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे आईवडील याच कामाला जातात.

अशाच एका मुलाने मला मागच्या वर्षी अडचणीत टाकलं. मी वर्गात अब्दुल हमीद यांची गोष्ट सांगत होतो. सप्टेंबर 1965, खेमकरणची लढाई, जीपवरच्या तोफेने टिपलेले रणगाडे, मरणोत्तर परमवीर चक्र. गोष्ट संपली आणि हा मुलगा उभा राहिला. ''सर, हमीद तो हवालदार थे. अपने में अफसर नै होते क्या?''

मुलं हसली. मला हसू आलं नाही. त्याचं उत्तर माझ्या घरातच होतं आणि मी ते कधी वर्गात सांगितलं नव्हतं.

अम्मीच्या मामूंना आम्ही कप्तान नाना म्हणायचो. 1962च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटलं. महिन्याभरात ते थांबलं, पण सैन्याला अधिकारी किती कमी पडतात हे देशाला कळून चुकलं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते. आणीबाणीचं कमिशन सुरू झालं आणि पदवीधर तरुणांना झटपट तयार करण्यासाठी मद्रास आणि पुणे इथे अधिकारी प्रशिक्षण शाळा निघाल्या. पुण्याची शाळा पुढे बंदही झाली. मद्रासची मात्र आजही चालू आहे. नाना पुण्याच्या शाळेत होते. वय एकवीस.

नाना सांगायचे, ''जे शिकायला एरवी पुष्कळ वेळ लागतो, ते आम्हाला काही महिन्यांत कोंबून भरवलं.'' पहाटे अंधारात शिट्टी वाजायची. दाढी, बूट, पट्टा, सगळं चकचकीत. मग कवायत, पाठीवर ओझं, हातात थ्री-नॉट-थ्री रायफल आणि मैलोन्‌मैल चाल. खंदक खणून हाताला फोड यायचे. नकाशा आणि होकायंत्र देऊन रात्री माळावर सोडून द्यायचे. रात्री जेवणाच्या टेबलावर मात्र साहेबासारखं काटे-चमचे धरून बसायचं. नाना म्हणायचे, ''रायफलीपेक्षा काट्याची भीती जास्त वाटायची.''

त्याहून मोठी भीती इंग्रजीची. नाना उर्दूतून शिकलेले. शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडचा एक मराठा मुलगा होता, तोही इंग्रजीत कच्चा. दोघं मिळून रात्री पाठ करायचे. पण शिकवणाऱ्या हवालदाराला तिथे सगळे 'उस्ताद' म्हणायचे. हवालदार, सुभेदार, सिपाही, लंगर, सगळे शब्द ओळखीचे. आणि 'उर्दू' या शब्दाचा मूळ अर्थच लष्कराची छावणी! नाना हसून म्हणायचे, ''मैं तो अपनेच मदरसे में आया था.''

इथपर्यंत नाना रंगून सांगायचे. पुढची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली.

नाना सहा वर्षांचे असताना, 1948च्या सप्टेंबरात, पोलीस अॅक्शन झालं. 13 तारखेला सोलापूरहून निघालेली फौज नळदुर्गात शिरली आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. रझाकारांनी गावोगाव जुलूम केले होते. त्याची किंमत पुढे ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशांनीही चुकवली. सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे सांगितले, त्यात आपला उस्मानाबाद होता. त्या दिवसांत नानांचे वालिद घरातून गेले ते परत आले नाहीत. कोणी नेलं, कुठे नेलं, कधी कळलं नाही. नानांच्या अम्माला तेव्हापासून कुठलीही वर्दी दिसली की कापरं भरायचं.

खांद्यावर एक तारा लागला. सेकंड लेफ्टनंट झालेला मुलगा पहिल्या सुट्टीवर घरी निघाला, तो नव्या वर्दीतच. पोहोचायला रात्र झाली. दार वाजवलं. फटीतून अम्माने पाहिलं आणि आतला दिवा मालवला. नाना हाका मारत राहिले. शेवटी त्यांनी आपलं लहानपणीचं लाडाचं नाव सांगितलं, तेव्हा कडी निघाली. त्यानंतर नाना कधीही वर्दीत घरी गेले नाहीत. बसस्टँडवर पायजमा-कुर्ता घालायचे.

''पासष्टच्या लढाईनंतर घरी आलो,'' नाना म्हणाले, ''तेव्हा अम्मा दारातच बसलेली. माझ्या कपड्यांकडे पाहून म्हणाली, वर्दी किधर है? पेन के आ.'' हे सांगताना नानांनी चष्मा काढून पुसला. पुढे आणीबाणीच्या अनेक अधिकाऱ्यांप्रमाणे तेही सेवेतून मोकळे झाले आणि शिक्षक झाले.

मीही पदवीनंतर सैन्यातल्या भरतीचा फॉर्म आणला होता. घरात रडारड झाली. मी तो घडी करून पुस्तकात ठेवला आणि बी.एड.ला गेलो. नोकरीबद्दल तक्रार नाही. पण त्या मुलाच्या प्रश्नाने ते पुस्तक पुन्हा उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान 3 जुलै 1948 रोजी काश्मीरमध्ये झांगड इथे शहीद झाले. आपल्या जिल्ह्यावर संकट आलं ते त्याच वर्षी. खडकवासल्याला एनडीए सुरू झाली तेव्हा तिचे प्रमुख मेजर जनरल इनायत हबीबुल्ला होते. आणि मग कप्तान नानांची गोष्ट सांगितली, दारासकट. वर्ग गप्प होता.

छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाची संस्था आहे. दहावीनंतर मुलांना घेऊन एनडीएची तयारी करून घेते. तिची माहिती घेऊन मी त्या मुलाच्या घरी गेलो. वडील हात धूत होते, बोटांचा काळा रंग निघत नव्हता. त्यांनी कागद हातात घेतला नाही, डाग पडेल म्हणून. दादी कोपऱ्यात तसबीह घेऊन बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, ''मास्टर, छुट्टी में घर कू आता क्या?''

''येतो ना, दादी.''

''रात कू आया तो दूर से आवाज देने बोलो,'' ती म्हणाली. ''मेरे कू अब दिखता नै.''

मुलगा आता दहावीत आहे. रोज संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतो.