सेलबर्नचा यू

इंग्लंडच्या हॅम्पशरमधलं सेलबर्न हे लहानसं खेडं. गिल्बर्ट व्हाइट (1720–1793) इथेच जन्मला, इथल्याच चर्चमध्ये साहाय्यक धर्मगुरू झाला. 1789 साली त्याने गावावर पुस्तक काढलं. त्यात पाखरं, गांडुळं आहेत आणि गावचा जुना मठ, चर्च, दस्तऐवज यांचा इतिहासही आहे. पुढच्या अनेक आवृत्त्यांनी हा इतिहास गाळला. याची हळहळ वाटते. पाखरांइतक्याच मायेने त्याने तो जमवला होता.

चर्चच्या आवारात यूचा प्रचंड वृक्ष होता. व्हाइटने मोजलेला घेर 23 फूट!

जानेवारी 1990च्या वादळात तो उन्मळला. मुळांखाली जुन्या दफनांतली हाडं निघाली. इथे मन रेंगाळतं. कोण असतील ही माणसं? शेतकरी, मेंढपाळ, कुणाची आई? किती काळ त्या मुळांनी त्यांना कवेत धरलं असेल?

गावकऱ्यांनी फांद्या छाटून झाड पुन्हा उभं केलं. ते जगलं नाही. मग त्याच्याच फांदीपासून वाढवलेलं रोप त्याच आवारात लावलं. यू फार सावकाश वाढतो. 23 फुटांचा घेर लावणाऱ्यांपैकी कुणालाच दिसणार नव्हता, तरी त्यांनी ते लावलं. ही ओढ नेमकी कशाची, हे अजून उलगडत नाही.