मोजपट्टी आधी, सुई नंतर

"डॉक्टर, उंचीचं इंजेक्शन कधी सुरू करायचं?" हा प्रश्न आईवडील खुर्चीत बसता बसता विचारतात. मी आधी मुलाला बूट-मोजे काढायला सांगते. मुलीची उंच बांधलेली वेणी सोडायची, टाचा, नितंब, पाठ भिंतीला टेकवायची, डोळ्याची खालची कड आणि कानाचं छिद्र एका रेषेत आणायचं. मग वरची आडवी पट्टी डोक्याला टेकवून आकडा वाचायचा. हे तीनदा. माझ्या कामातलं सगळ्यांत नाजूक काम हेच आहे, असं मी नव्या निवासी डॉक्टरांना सांगते आणि सुरुवातीला त्यांना ते पटत नाही. पण सहा महिन्यांच्या वाढीत अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली, तर वर्षाचा हिशोब एक सेंटिमीटरने बिघडतो. तेवढ्यावरून एखाद्या मुलाला नको ती सुई लागू शकते, किंवा हवी असलेली नाकारली जाऊ शकते.

एकाच मोजमापावरून काही ठरत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढतं. ठेंगणं मूल याच वेगाने वाढत असेल तर मी बरीच निश्चिंत असते. वेग चारच्या खाली गेला की शोध सुरू होतो. "याचा मामाही असाच होता, दहावीनंतर एकदम वाढला," असं आजी सांगते तेव्हा मी ते लिहून घेते. उशिरा वयात येणं घराण्यात असतं. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं, ते आजीच्या म्हणण्याला दुजोरा देतं किंवा देत नाही. थायरॉइड, मूत्रपिंड, रक्तक्षय पाहायचे. मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी गुणसूत्रंही तपासायची. आणि सीलिअ‍ॅक आजार विसरायचा नाही. त्यात गव्हातलं ग्लूटेन आतड्याला इजा करतं. अशा मुलाची पोळी बंद होऊन ताटात ज्वारीची भाकरी आली की पुष्कळदा उंची पुन्हा वाढू लागते, इंजेक्शनाशिवाय.

या सावधपणामागे इतिहासही आहे. उंचीचं इंजेक्शन म्हणजे वाढीचं संप्रेरक. त्याने माणसाची उंची वाढल्याचं मॉरिस रॅबेन यांनी 1958 मध्ये नोंदवलं. तेव्हा ते मृत व्यक्तींच्या पीयूषिका ग्रंथींमधून काढावं लागे. 1985 मध्ये लक्षात आलं की त्या औषधातून काही रुग्णांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा असाध्य आजार झाला होता. अमेरिकेत ते थांबवलं गेलं आणि त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनवलेल्या संप्रेरकाला परवानगी मिळाली. आज आपण तेच वापरतो. पूर्वीचा तो धोका यात नाही, तरी मूल लंगडू लागलं किंवा सारखं डोकं दुखू लागलं तर लगेच दाखवा, हे मी प्रत्येक घराला बजावते.

या संप्रेरकाची कमतरता सिद्ध झाली की खरी कसोटी घरच्यांची. रोज रात्री झोपण्यापूर्वी एक सुई, तीही वर्षानुवर्षं. शरीर स्वतः हे संप्रेरक गाढ झोपेत सोडतं, म्हणून रात्र. इंजेक्शनचं पेन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलं की औषध वाया. मांडी, पोट, दंड, जागा रोज बदलायची. पहिल्यांदा आईचा हात थरथरतो, म्हणून पहिली सुई ती माझ्यासमोर देते. मुलाला मी एवढंच विचारते, "आज कुठली मांडी?" निवड त्याची असली की रडणं कमी होतं. आता आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही आली आहेत, पण खर्च अजून अनेक घरांना पेलत नाही, आणि हे मला फार लागतं. कमतरता असलेलं मूल पहिल्या वर्षात 8-10 सेंटिमीटर वाढतं तेव्हा त्याच्या बापाचा चेहरा पाहावा!

सगळ्यांत जड जातं ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या आईवडिलांना नाही म्हणणं. पाळी सुरू होऊन तीन-चार वर्षं झालेली, हाडांची वाढीची टोकं जुळलेली. आता कुठलंही इंजेक्शन, कुठलीही पावडर उपयोगाची नाही. म्हणून विनंती आहे: दर सहा महिन्यांनी मुलाची उंची मोजा, तारखेसह लिहून ठेवा, आणि वर्षात चार सेंटिमीटरही वाढ दिसली नाही तर ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. पाचव्या-सहाव्या वर्षी जा, पंधराव्या नाही.