पाटीवरची सरस्वती

रात्रीचे अकरा. स्वतःसाठी लोगो करायला घेतलाय. कमळ, मोर, पेनाची निब वगैरे नेहमीची मंडळी बाद. उरली ती दसऱ्याला पाटीपूजनात काढतात ती सरस्वती. एकच्या आकड्यांनी रचलेली. ना चेहरा, ना वीणा. देवीचं इतकं अमूर्त रूप घरोघरी पोरं काढतात आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही, याचीच मला कमाल वाटते.

अडचण आकाराची. कागदावर ती देखणी दिसते. १६ पिक्सेलच्या चौकटीत नेली की सगळे एकडे एकमेकांत मिसळून नुसता डाग उरतो. म्हणून ओळी कमी केल्या, रेघा जाड केल्या, प्रत्येक ‘१’ची वरची गाठ तेवढी जपली. सहीसाठी चित्रकार ड्यूररने ‘ए’च्या पायांत ‘डी’ बसवला, चित्रकार व्हिसलरने आद्याक्षरांचं फुलपाखरू केलं आणि पुढे त्याला चक्क नांगी दिली! मी मात्र आद्याक्षर घुसडायचा मोह आवरला. रंगही नकोत, पाटीचा काळा आणि पेन्सिलीचा पांढरा पुरे. फक्त पांढऱ्या लेटरहेडवर हे उलटं करावं लागतं, आणि तिथे ती अजून मला पटत नाहीये. उद्या छापून बघते.