अण्णाकाकांची खापरी

गेल्या पौषांत अण्णाकाकांच्या समाचारासाठीं आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचनें रेवसला गेलों. बरोबर आमची पुतणी होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत ती पुरातत्त्व शिकलेली; म्हणून वाटेंत घारापुरीचे डोंगर दिसूं लागतांच तिला अण्णाकाकांच्या खापरीची कथा आम्ही पुन्हा एकदां ऐकविली.

ही खापरी म्हणजे आमच्या घराण्याचें भूषण. विद्यार्थिदशेंत घारापुरीच्या मोराबंदराकडील किनाऱ्यावर ती अण्णाकाकांना सांपडली. तळहाताएवढी, बाहेरून फिकट पिवळसर, आंतून काळीकुळकुळीत. रोमचा द्राक्षारस घेऊन आलेल्या दोन कानांच्या कुंभाचा हा तुकडा, असें त्यांना एका जाणत्यानें सांगितलें. आणि त्या वेळीं पुष्कळ पंडितांचेंहि मत तसेंच होतें. १९४५ सालीं व्हीलरसाहेबांनीं पुद्दुचेरीजवळ अरिकमेडू येथें रोमन भांडीं उजेडांत आणल्यापासून, किनाऱ्यावरच्या हरएक परक्या खापरींत रोम दिसण्याची जणूं सांथच आली होती. अण्णाकाकांकडे येणाऱ्या पाहुण्यास चहाबरोबर रोमचा इतिहासहि घ्यावा लागे.

चहा झाल्यावर पुतणीनें खापरी मागून घेतली व पडवीच्या उजेडांत भिंगाखालीं धरली. बराच वेळ ती बोलेना. मग आम्हांस खुणेनें बाहेर बोलावून हळूच म्हणाली, “काका, ही रोमची दिसत नाहीं.”

नेपल्सच्या बाजूच्या कुंभांच्या मातींत ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचे कण भिंगांतून दिसतात. येथें एकहि नव्हता. त्या कुंभांना आंतून झाडाच्या राळेचा लेप देत. हा लेप मात्र खनिज डांबराचा वाटत होता. तसा लेप इराक-इराणकडील निमुळत्या बुडाच्या, बिनकानी रांजणांना असे. भारतांत सांपडलेल्या खापऱ्या रॉबर्टा टॉम्बर या विदुषींनीं पुन्हा तपासल्या, तेव्हां रोमन म्हणून नोंदलेल्यांपैकीं कित्येक अशा रांजणांच्या निघाल्या. तो लेख २००७ सालचा. मातीची साक्ष उलटहि जाते. ज्या नक्षीदार थाळ्यांचें मूळ भूमध्य समुद्राकडे शोधीत, त्यांची माती येथून जवळच्या चौलचें उत्खनन करणारे विश्वास गोगटे यांनीं क्ष-किरणांनीं तपासली आणि १९९७ सालीं ती बंगालची ठरविली.

हें सारें ऐकून आम्ही पुतणीला बजावलें, “अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं त्यांचें रोम हिरावून घेऊं नकोस.”

“पण खापरी त्यांची, आणि खरें तेवढें त्यांनाच ठाऊक नसावें?” ती म्हणाली. आम्ही अंमळ रागावलोंच.

इतक्यांत आंतून हांक आली, “कुजबुज पुरे. कोठली आहे ती?”

नाइलाजानें तिनें सर्व सांगितलें. अण्णाकाकांनीं एवढेंच विचारलें, “काळ कोणता?”

“आजोबा, बहुधा तिसऱ्या ते नवव्या शतकांतला.”

“लेणीं साधारण सहाव्या शतकांतलीं मानतात ना? म्हणजे कोरणाऱ्यांच्या वेळचीहि असूं शकेल.” त्यांचा चेहरा आम्हांस वाटलें होतें तितका उतरला नाहीं. “खात्री कशी करतात?”

तुकड्याची चकती कापून ती मिलिमीटरच्या तीन शतांश इतकी पातळ घासावी लागते. मग सूक्ष्मदर्शकाखालीं खनिजें ओळखूं येतात. कापण्याचें नांव निघतांच आम्ही हात पुढें केला. पण अण्णाकाकांनीं खापरी पुतणीच्या हातांत दिली. तिनें विचारलें, ती नेमकी कोठें, किती खोल, कशाच्या शेजारीं होती? अण्णाकाका गप्प झाले. “उचलली आणि खिशांत घातली,” ते म्हणाले. आणि त्या दिवशीं ते खिन्न झाले ते रोमसाठीं नव्हे, यासाठीं.

निघतांना त्यांनीं डबीवरची चिठ्ठी मागितली, चष्मा लावून ‘रोम’ हा शब्द खोडला, आणि पुढची जागा कोरी ठेवून ती डबी पुतणीच्या पिशवींत घातली.