वाघाची वाट

उन्हाळ्याच्या सुटीत कुठे जायचे, हा प्रश्न आमच्या घरात दरसाल रामनवमीला निघतो आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतो. सौ.चा कल कोकणाकडे, माझा महाबळेश्वराकडे. शेवटी बहुधा आम्ही तिच्या माहेरी जातो. यंदा मात्र चिरंजिवांनी तिसरेच नाव पुढे केले : ताडोबा! त्यांच्या वर्गातल्या एका मित्राने तिथे म्हणे दोन दिवसांत चार वाघ पाहिले होते. पेशवे पार्कातल्या पिंजऱ्यात पाठ फिरवून निजलेल्या वाघापलीकडे माझा या जनावराशी परिचय नव्हता. चार वाघ म्हटल्यावर मीही मोहात पडलो.

"अहो, मे महिन्यात चंद्रपूरची माणसे गाव सोडून पळतात, आणि आपण पदरचे पैसे मोडून तिकडे जायचे?" सौ.चा प्रश्न रास्त होता. पण जंगलाचे गणित उलटे असते. उन्हाळ्यात पाने गळतात, त्यामुळे नजर लांब जाते. ओढेनाले आटतात, त्यामुळे तहानलेली जनावरे उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर येतात. पावसाळ्याचे तीन महिने जंगलाचा गाभा बंदच असतो. आणि एरवीही मंगळवारी सुटी. आईला मी भीतभीतच विचारले, तर ती म्हणाली, "वाघ काय नि देव काय, दिसायचा तेव्हा दिसतो. पण मला न्या बाबा." झाले, बेत ठरला. जिप्सी गाडीचे आरक्षण कित्येक आठवडे आधी करावे लागते, ते चिरंजिवांनी संगणकावर केले. जंगलात भडक कपडे चालत नाहीत, म्हणून सौ.ची केशरी ओढणी मोठ्या कष्टाने घरी राहिली.

पुण्याहून नागपूर आणि तिथून मोटारीने मोहर्ली. वाटेत ठिकठिकाणी तेंदूच्या पानांची पुडकी उन्हात ओळीने वाळत घातलेली होती. विडीसाठी ही पाने जातात. ती खुडायला बायामाणसे पहाटेच रानात शिरतात, आणि वाकून पाने तोडणाऱ्या माणसावर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या या जिल्ह्यातून उन्हाळ्यात येत राहतात. आपल्याला जो वाघ पैसे भरून पाहायचा असतो, तोच दिसू नये म्हणून इथली माणसे देवाला विनवीत असतील, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आले नाही. मी दुर्बिणीच्या काचा पुसत होतो.

ताडोबाचा पूर्वेतिहास मोठा गमतीचा आहे. १९५५ साली हे राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. पुढच्याच वर्षी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. म्हणजे जन्म एका घरी, मुंज दुसऱ्या घरी आणि संसार तिसऱ्या घरी! महाराष्ट्रातले हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. मूळचे क्षेत्र सुमारे ११६ चौरस किलोमीटर. १९८६ साली शेजारीच अंधारी नदीच्या नावाने अभयारण्य झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. आज त्याचा गाभाच सव्वासहाशे चौरस किलोमीटरांचा आहे. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून भरतात, त्याहून थोडा मोठा.

पहाटे फाटकापाशी मोबाइल जमा केले आणि आमची स्वारी गाडीत चढली. गाइड म्हणून खाकी कपड्यांतली एक तिशीची बाई पुढे येऊन बसली, तेव्हा मी जरा खट्टू झालो, हे कबूल केले पाहिजे. माझ्या डोळ्यांपुढे मिशाळ शिकाऱ्याचे चित्र होते. पण पहिल्या अर्ध्या तासातच आमचा अख्खा वर्ग तिच्यापुढे मांडी घालून बसला. रस्त्याच्या कडेला ओळीने उभे असलेले जुने दगडी खांब तिने दाखवले. ते गोंड राजांच्या वेळचे. त्यांवरून दोर ओवलेला असे आणि घंटा वाजवून राजाच्या येण्याजाण्याची वर्दी पुढे पोचवली जाई, असे सांगतात. मग ऐनाचे झाड दाखवले, त्याची साल थेट मगरीच्या पाठीसारखी. निष्पर्ण, पांढरेफटक कुलूचे झाड पाहून धाकटी कन्या आजीला बिलगली, कारण चांदण्यात ते भुतासारखे दिसते, असे ताईंनी सांगून ठेवले होते. मध्येच पिवळाधमक बहावा लागे, आणि उन्हाने करपलेल्या त्या रानात कुणी हळदीकुंकवाला निघाल्यासारखा वाटे. बांबूच्या बेटातून पांढऱ्या शेपटीच्या दोन फिती हलवत स्वर्गीय नर्तक उडाला. रानगव्यांचा कळप दिसला. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखी ती धिप्पाड जनावरे आमच्याकडे अशी पाहत होती, की तिकीट आम्ही त्यांचे काढले आहे की त्यांनी आमचे, याचा संभ्रम पडावा.

"पण वाघ कधी?" चिरंजीव दर दहा मिनिटांनी विचारत होते. आणि खरे सांगायचे तर मीही मनातल्या मनात तेच विचारत होतो.

एवढ्यात सांबराने हाक दिली. खणखणीत, एकच. ताईंनी हात वर केला. गाडी थांबली. पुन्हा हाक. मग कुठून कोण जाणे, एकामागून एक गाड्या येऊ लागल्या. पाच, आठ, बारा! अरुंद रस्ता दोन्ही अंगांनी गच्च भरला. लोक सीटवर उभे राहिले, कॅमेऱ्यांची लांब नळकांडी बाहेर आली. लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या दिवशी होते, तशी ती गर्दी. बातमी कानोकान आली : डाव्या हाताच्या बांबूत वाघीण आहे, पिल्ले उजवीकडे, नाल्याच्या बाजूला.

आमच्या पुढे दोन गाड्या होत्या. मला काही दिसेना. मी पुढे वाकलो आणि पाचशेची नोट हळूच चालकाच्या हातात सरकवली. म्हटले, "जरा पुढे घ्या. त्या दोघांच्या मधून निघेल."

चालकाने ताईंकडे पाहिले. ताईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिले, चालकाच्या हातातली नोट घेतली आणि माझ्या गुडघ्यावर ठेवली. "गाडी मांगं घ्या," त्या चालकाला म्हणाल्या, "पार वळणापर्यंत."

"अहो, पण..." मी आवाज चढवला. "एवढ्या लांबून आलोय आम्ही! मुलांचा तरी विचार करा."

त्या काही बोलल्या नाहीत. गाडी मागे मागे जाऊ लागली. ताई उभ्या राहून मागच्या गाड्यांना हाताने खूण करीत होत्या. त्यांतल्या काही हलल्या, काही हलल्या नाहीत. वळण आले, वाघिणीचा बांबू दिसेनासा झाला. चिरंजीव रडकुंडीला आले. सौ.ने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की कोकणात गेलो असतो तर बरे झाले असते, हे वेगळे सांगायला नको. फक्त आई शांत होती.

तसेच अबोल्याने मैलभर गेलो. मग झाडी एकदम संपली आणि विस्तीर्ण कुरण लागले. सोनेरी वाळलेले गवत, त्यात शे-दीडशे चितळे चरत होती. मधोमध चिंचेचे एकच डेरेदार झाड. ताईंनी गाडी थांबवली.

"हे आमचं गाव," त्या म्हणाल्या.

आम्ही इकडेतिकडे पाहू लागलो. गाव कुठेच नव्हते.

"त्या चिचेखाली पार होता जी. तिथून चौथं घर आमचं. मी इथंच लहानची मोठी झाली. मग गाव उठलं, बाहेर गेलं. जंगलातली असी कितीतरी गावं उठली." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आपण पाहुण्याला घराच्या खोल्या दाखवतो, तसे त्या दाखवत होत्या. "नवं गाव चांगलं हाये. लाइट हाये, शाळा हाये. दारात चिच लावली, पन अजून धरली नाही."

थोडा वेळ थांबून त्या माझ्याकडे वळल्या. "घर सोडलं जी साहेब, तिच्यासाठी. आता तिची वाट बी अडवाची काय?"

मला उत्तर सुचले नाही. ती पाचशेची नोट अजून माझ्या मुठीत होती आणि घामाने ओली झाली होती. वाघाची वाट पाहणे आणि वाघाची वाट अडवणे यांत केवढे अंतर आहे! आणि मघाशी मी ते एका नोटेत पार करायला निघालो होतो. ज्या गावच्या माणसांनी पार, चूल आणि चिंच सोडून वाट मोकळी केली, त्या वाटेवर मी सहकुटुंब गाडी उभी करणार होतो.

पुढे ताडोबाचे तळे लागले. काठच्या जांभळी हिरव्यागार होत्या, पाण्यावर ओंडक्यासारखी मगर पडली होती. या काठावर मोठ्या झाडाखाली तारूचे ठाणे आहे. तारू हा गोंडांचा गावप्रमुख. वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. पौषात त्याची यात्रा भरण्याची जुनी रीत. या तारूवरूनच ताडोबा हे नाव आले, असे सांगतात. म्हणजे अवघा महाराष्ट्र ज्या रानाला वाघाचे म्हणून ओळखतो, त्याला नाव मात्र एका माणसाचे आहे. आईने गाडीतूनच हात जोडले. ताईंनीही जोडले.

परतताना ते मघाचे ठिकाण लागले. गाड्या पांगल्या होत्या. ताईंनी चालकाला हळू घ्यायला सांगितले आणि रस्त्यावरच्या पिठासारख्या धुळीकडे बोट केले. आमच्याच गाडीच्या चाकांची नक्षी तिथे उमटलेली होती. आणि तिच्यावरून, डावीकडून उजवीकडे, ताटलीएवढी पावले स्वच्छ उमटून गेली होती. पलीकडच्या काठाला त्यांत लहान लहान पावले मिसळली होती. चिरंजीव बराच वेळ वाकून पाहत राहिले. "आपण मागे गेल्यावर गेली ना ती?" त्यांनी विचारले. ताई हसल्या.

फाटकापाशी उतरताना मी खिशात हात घातला आणि बक्षीस म्हणून पाचशेची नोट पुढे केली. ताईंनी ती निरखून पाहिली. "मघाचीच हाये काय जी?"

"हो," मी ओशाळून म्हणालो.

"मग नको. दुसरी द्या."

दुसरी दिली. ती त्यांनी हसत घेतली आणि आईच्या पाया पडल्या.

पुण्याला आल्यावर शेजारपाजारच्या मंडळींनी विचारायचे तेच विचारले : "काय, दिसला का वाघ?" मी काहीतरी गुळमुळीत बोलणार, इतक्यात चिरंजीव पुढे झाले आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "दिसली नाही. आम्ही तिला वाट दिली."