काळा मायकेल

अँथनी होप यांची 'द प्रिझनर ऑफ झेंडा' ही कादंबरी १८९४ साली प्रसिद्ध झाली. तीतील रुरिटानियाचे राज्य नकाशावर कोठेही नाही. ड्रेस्डेनहून पुढे आगगाडीने तेथे पोहोचता येते, एवढे मात्र लेखकाने सांगून ठेवले आहे. वाचक बहुधा नायकाच्या पाठीशी असतात. आम्ही मात्र, सारी उमेद सरकारी नोकरीत गेल्यामुळे असेल, खलनायकाचीच कारकीर्द न्याहाळीत बसतो.

स्ट्रेल्साऊचा ड्यूक मायकेल हा राजाचा सावत्र भाऊ. आई राजकुळातील नव्हे, म्हणून गादीवर हक्क नाही. संस्थानी दरबारांच्या कथा घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आपल्या वाचकांना हे दुखणे समजावून सांगावयास नको. पण हक्काचा वारस रुडॉल्फ परदेशांत इतका रमलेला, की प्रजेतील बहुतेकांनी त्याचे तोंडही पाहिलेले नव्हते. मायकेल प्रजेत राहिला. झेंड्याच्या सराईची म्हातारी मालकीण तर उघडच म्हणते, की आमचा ड्यूकच राजा व्हावा. राजधानीच्या जुन्या वस्तीतील गोरगरीबही त्याचेच. एवढे भांडवल हाती असता त्याने निवडला तो मार्ग गुंगीच्या दारूचा!

राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री राजा बेशुद्ध होतो. कर्नल सॅप्ट हुबेहूब तशाच चेहऱ्याच्या एका इंग्रज गृहस्थाला मुकुट घालवितो. आणि मायकेल खऱ्या राजाला आपल्या गढीत कोंडतो. येथून पुढचा पेच आम्हांस फार आवडतो. सिंहासनावर तोतया आहे हे मायकेलला पुरते ठाऊक, पण तसे म्हणावे तर 'मग खरा राजा कोठे?' या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच तळघरात! सॅप्टचीही तीच गत. तेव्हा दोन्ही पक्ष दरबारात एकमेकांना अदबीने मुजरे करतात आणि राज्य सुरळीत चालते. दोन खात्यांना सर्व ठाऊक, पण टिपण कोणीच लिहावयाचे नाही, अशा फायली आम्हीही हाताळल्या आहेत.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा पुण्यात भाऊंना जवळून पाहिलेली माणसे हयात होती. चौकशी झाली आणि १७७६ साली त्यास देहदंड झाला. रुरिटानियात तोतया खपला, कारण राजाच प्रजेला अनोळखी होता. ती उणीव मायकेलने नेमकी हेरली होती. फायदा मात्र त्याच्या शत्रूंनी घेतला.

शेवटी तो मेला तोही राज्यासाठी नव्हे. एका स्त्रीवरून झालेल्या झटापटीत त्याच्याच पदरच्या रुपर्टने त्याला भोसकले. गढीतील कैदी हा राजाचा एक मित्र होता, असा खुलासा दरबारातून निघाला. जुन्या वस्तीतील लोकांनाही तेच सांगण्यात आले.