चढ नावे, उतार जमा

कॉमर्सच्या पदवीचा उपयोग माणसाला कुठे होईल, हे सांगता येत नाही. लग्नाच्या बाजारात होतो, बँकेच्या परीक्षेत होतो. सोसायटीच्या खजिनदारपदासाठी तर आपल्याला कोणी विचारतसुद्धा नाही, परस्पर नाव सुचवून मोकळे होतात. पण सायकल चालवताना तिचा उपयोग होतो, हे मला बी.कॉम.च्या एकाही प्राध्यापकांनी सांगितलं नव्हतं.

जमाखर्चाचा पहिला धडा असा : घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. एक बाजू लिहिली की दुसरी लिहावीच लागते. सायकलवर हाच नियम चढ-उतार या नावाने लागू होतो. जाताना जेवढा चढ पायांच्या नावे पडतो, तेवढाच उतार येताना जमा होतो. वारा मात्र कुठल्याच खात्यात बसत नाही. तो जातानाही समोरून असतो आणि येतानाही समोरूनच. त्याला आम्ही सस्पेन्स अकाउंटला टाकतो.

ही दुहेरी नोंदीची पद्धत छापील पुस्तकात पहिल्यांदा मांडली लुका पाचोली नावाच्या एका इटालियन साधूने, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. पद्धत काही त्याने शोधली नव्हती. व्यापारी आणि त्यांचे कारकून ती आधीपासून वापरत होतेच. काम कारकुनांनी करायचं आणि नाव वरच्या माणसाचं व्हायचं, ही परंपरा किमान तेवढी जुनी आहे. हा पाचोली जन्माने टस्कनीतल्या सान्सेपोल्क्रो गावचा. टस्कनी म्हणजे टेकड्यांचा, द्राक्षमळ्यांचा आणि वाइनचा मुलूख. सारखं चढायचं आणि सारखं उतरायचं. अशा ठिकाणी जन्मलेल्या माणसाला जमा आणि नावे नाही तर दुसरं काय सुचणार?

याच टस्कनीत, गायोले इन किआन्ती या गावी, १९९७ पासून ऑक्टोबर महिन्यात ‘लेरोइका’ नावाचा सायकलस्वारांचा मेळा भरतो. सायकल १९८७ पूर्वीची आणि शर्यतीची हवी, अशी अट. वाटेतल्या थांब्यांवर पाव, सूप आणि वाइन. आणि या खटाटोपाचा मूळ हेतू काय, तर तिथले खडीचे पांढरे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत! रस्त्यावर डांबर पडू नये म्हणून चळवळ करावी लागते, असा तो देश. आमच्याकडे हेच कार्य काही मंडळी कसलीही चळवळ न करता वर्षानुवर्षं बिनबोभाट पार पाडत आहेत.

माझ्याकडे वडिलांची १९७८ सालची काळी सायकल आहे. चोवीस इंची, सळईचे ब्रेक, डायनॅमो आणि मागे एक पोतं मावेल असं कॅरिअर. इटलीवाल्यांची वयाची अट ती सहज पुरी करते. शर्यतीच्या अटीचं म्हणाल, तर वडिलांनी तिच्यावरून पंचवीस वर्षं ऑफिसचं मस्टर गाठलं. शर्यत शर्यत म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

पण त्यासाठी इटलीला कशाला जायचं? नाशिकात राहणाऱ्या माणसाच्या दाराशीच टस्कनी आहे, फक्त पहाटे उठावं लागतं. गंगापूर रोडने निघायचं. आनंदवल्ली, सोमेश्वर मागे टाकायचं. पुढे १९६५ साली पुरं झालेलं मातीचं गंगापूर धरण, आणि त्याच्या आसपास टेकड्यांच्या उतारावर द्राक्षांच्या ओळी. ‘सुला’ची पहिली वाइन इथे २००० साली बाटलीत गेली, तेव्हापासून हा रस्ता देशाच्या नकाशावर आला. रस्ता नकाशावर आला की मोटारी रस्त्यावर येतात. शनिवार-रविवारी दुपारनंतर इथे मुंबई-पुण्याच्या मोटारींची जी रांग लागते, तिच्यापुढे आमच्या बँकेतली पेन्शनच्या तारखेची रांग किरकोळ. त्यातून २०२७ चा सिंहस्थ तोंडावर. जिकडेतिकडे रस्ते रुंद व्हायचे आहेत. रुंद रस्त्याचं एक असतं, माणूस लवकर पोचतो, पण वाटेतलं काहीच त्याच्या नावे पडत नाही.

सप्टेंबर २०१५ पासून बँकांना महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी झाली, ती सरकारने माझ्या सायकलीसाठीच दिली असं मी मानतो. सौभाग्यवतींच्या मते ती माळा आवरण्यासाठी दिली आहे. या वादावर तोडगा म्हणून मी साडेपाचलाच निघतो. त्या वेळी मोटारवाले झोपलेले असतात. आदल्या रात्रीमुळे जरा गाढच झोपलेले असतात.

नाशिकला सायकलीचं वेड नवीन नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांत मिळून पार केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. त्यानंतर आमच्या कॉलनीतल्या सायकलींच्या किमती माझ्या स्कूटरच्या वर गेल्या. माझा स्वतःचा वेग ताशी बारा किलोमीटर. त्या हिशोबाने अमेरिका ओलांडायला चारशे तास लागतील. रोज चार तास धरले तर शंभर दिवस. माझ्या खात्यावर शिल्लक रजा आहे एकोणीस. तेव्हा मी गिरणाऱ्यापर्यंतच जातो.

टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं गिरणारे गाव ओलांडलं, की काश्यपी धरणाकडे जाणारा रस्ता आपला एकट्याचा होतो. तासाभरात एखादी एसटी, दोन-तीन दुधाच्या किटल्यांच्या मोटारसायकली आणि एक ट्रॅक्टर. आपल्याच चेनचा आवाज आपल्याला ऐकू येतो. बारा किलोमीटरच्या वेगाला आणखी एक फायदा आहे : रस्त्याकडेची बाग नुसती हिरवी दिसत नाही, वाचता येते. इटलीत वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडच्या वेलाला झोप नाही, म्हणून त्याची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते : एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. एवढं करून पीक एकदाच. तिकडे त्या मेळ्याच्या दिवसांत द्राक्षं तोडून वाइनची गडबड चाललेली असते, तेव्हा इकडे पिकाची नुसती सुरुवात. पुढे डाऊनी आणि भुरी या दोन रोगांना भिऊन फवारण्या. थंडीच्या कडाक्यात मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या. सायकलवाला जातो तेव्हा धूर वर चढत असतो, आणि कोणीतरी रात्रभर जागलेला माणूस त्या धुरात चहा पीत बसलेला असतो.

त्यातल्या एकाला मी ओळखतो. म्हणजे त्यांचा खाते क्रमांक ओळखतो. पीक कर्ज, द्राक्ष. काउंटरवर त्यांना सगळे नाना म्हणतात.

२६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी नाशिक जिल्ह्याला अवकाळी पावसाने आणि गारपिटीने झोडपलं. पुढचा दुसरा शनिवार आला ९ डिसेंबरला. मी नेहमीसारखा निघालो. नानांच्या बागेपाशी आलो तर एक पोरगं माझ्या डोक्यावरचं हेल्मेट बघून ओरडत आत पळालं, “ब्यांकवाले आले!” आणि लगेच बाहेर येऊन न विचारता म्हणालं, “नाना घरी नाही.” पोराच्या मागेच नाना उभे होते.

त्यांनी मला पाहिलं, सायकल पाहिली, कॅरिअर पाहिलं.

“काय साहेब, ब्यांकेनं तुमचीबी गाडी ओढून नेली का काय?”

मी वसुलीला आलेलो नाही, हे पटवायला मला दोन कप चहा लागला. मग ते मला बागेत घेऊन गेले. मणी फुटलेले, पानांच्या चाळण्या, कोवळ्या काड्यांवर गारांचे वळ. आमच्या रजिस्टरात या सगळ्याला ‘नैसर्गिक आपत्ती’ असा एक रकाना आहे. त्यात दीड इंच जागा आहे. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असलं तर कर्जाची फेररचना होऊ शकते, असा नियम मी त्यांना सांगितला.

“आन् बत्तीस टक्के गारा पडल्या तर?”

या प्रश्नाचं उत्तर परिपत्रकात नव्हतं. नानांनीच विषय बदलला. बँकेतल्या पंख्याखाली बरं असतं, आमच्या पंख्याला बटण नाही, असं काहीतरी म्हणाले आणि हसले. सोमवारी मी त्यांचा अर्ज, पंचनाम्याची प्रत आणि सातबारा लावून वर पाठवला. पंचनाम्यात टक्के बसत होते. पण त्या दिवसापासून खात्यावर ‘द्राक्ष’ हा शब्द टाइप केला, की मला शेकोटीच्या धुराचा वास येतो. बँकेच्या संगणकात ही सोय दिलेली नाही.

एप्रिलात गेलो तेव्हा बाग बोडकी होती. खरड छाटणी झाली होती. नाना म्हणाले, “लोकांला वाटतं बाग मारली. आता छाटली नाही तर पुढं माल कुठून येणार?” दुहेरी नोंद मला शिकवायला माझ्या प्राध्यापकांना तीन वर्षं लागली. नानांनी ती दोन वाक्यांत आणि कात्री हातात धरून आटोपली.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत मात्र माल आला. मी चढ चढून, धापा टाकत थांबलो, तर नानांनी काही न बोलता वर्तमानपत्रात गुंडाळलेलं दोनेक किलोचं पुडकं कॅरिअरला करकचून बांधलं. मी खिशात हात घातला.

“राहू द्या साहेब,” ते म्हणाले, “आन् कुठं लिहू नका.”

परतीच्या वाटेवर बहुतेक उतारच. पाय हलवायचे नाहीत, फक्त ब्रेक सांभाळायचा. सोमेश्वरपर्यंत मी या व्यवहाराची नोंद मनात बसवून पाहिली. नियम स्पष्ट आहे : घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. म्हणजे दोन किलो द्राक्षं माझ्या नावे. मुद्दल किती, व्याज किती, हप्ता केव्हा, काही ठरलेलं नाही. तारण घेतलेलं नाही, जामीन कोणी राहिलेलं नाही. असं कर्ज मंजूर केलं म्हणून आमच्या बँकेने कोणालाही निलंबित केलं असतं.

घरी पोचेपर्यंत त्यातली पावभर फस्त झाली होती. उरलेली सौभाग्यवतींच्या स्वाधीन केली, आणि मुकाट्याने माळ्यावर चढलो.